दोरीच्या दुसऱ्या टोकाला

मशीन तगडं आणि गेम लंगडी, अशी तक्रार घेऊन कुणी आलं की मी आधी वायर बघते. हसू नका. लोक महागडं ग्राफिक्स कार्ड घेतात आणि मॉनिटरची वायर त्या कार्डाला न जोडता मागच्या भलत्याच भोकात खुपसतात. म्हणजे बैल गोठ्यात उभा आणि गाडी ओढतोय मालक. निम्मी गिऱ्हाइकं मी तिथूनच परत पाठवते आणि वर उपकार केल्याचा चेहराही करते.

राजारामपुरीत माझं दुकान आहे, चौगुले कॉम्प्युटर्स. नाव वडिलांनी ठेवलं, धंदा मी वाढवला आणि जीभ आईकडून आली. त्यामुळे उद्यमनगरातले दिनकर निगडे स्वतः दुकानाची पायरी चढून "ताई, आणखी एक खोकं द्या" म्हणाले, तेव्हा त्यांना खुर्ची द्यायच्या आधीच मी सुरू झाले.

"तिसरं? काय वो काका, घरात सिनेमा काढायलाय काय?"

खोकं म्हणजे काय ते सांगते. हल्ली ग्राफिक्स कार्ड मशीनच्या पोटात बसवत नाहीत. बुटाच्या खोक्याएवढा डबा येतो, तो चालू मशीनला बाहेरून जोडायचा. पडद्यावरचं चित्र रंगवायचं सगळं ओझं तो उचलतो. एक पुरेना तर दुसरा लावा, मशीन बंदसुद्धा करावं लागत नाही. निगड्यांच्या माणसानं माझ्याकडून दोन नेले होते, दोन्ही दुकानातले सगळ्यात दणकट. तेवढ्यावर एखाद्या कॉलेजची अख्खी लॅब चालली असती.

"गेम अडकायलीय," ते म्हणाले.

"कुठली?"

"सुळका."

आता मात्र मला हसू आवरेना. सुळका ही जुनी गेम. दोघांनी मिळून खेळायची. एका दोरीला दोघं बांधलेले असतात. एक वर चढतो, दुसरा खालून दोरी सांभाळतो, मग वरचा थांबून खालच्याला वर घेतो. तो कडा कधी संपतच नाही, जेवढं चढाल तेवढा नवा खडक तयार होतो. पण चित्र साधं. शाळेच्या पोरांच्या टॅबवरही ती लोण्यासारखी चालते.

"वायर बघितली?"

"बघितली. आमच्या वर्कशॉपमधल्या ऑपरेटरनं ते ड्रायव्हर का काय ते पण नवं घातलं. धूळ काढली, खोलीला एसी लावला."

"मग मशीन घेऊन या इथं. उघडून बघते."

"बंद करता येत न्हाई."

"का?"

"न्हाई करता येत." त्यांनी एवढंच सांगितलं आणि माझ्या टेबलावरचा स्क्रूड्रायव्हर उचलून उगाच त्याची धार बघू लागले. साठीचा माणूस. पंपाचे शाफ्ट कातण्यात हयात गेलेली. यंत्रासमोर कधी हरलेला नाही, हे चेहऱ्यावर दिसत होतं आणि आता हरतोय हेही दिसत होतं. "ताई, लोड वाढला, मोटर तापायली, की मोठी मोटर बसवायची. एवढंच मला कळतंय. ताकद कमी पडायलीय त्याला. द्या की."

त्याला म्हणजे मशीनला, असं मी धरून चालले.

"बघितल्याशिवाय विकत नाही," मी म्हणाले. "उद्या दुपारी घरी येते."

रुईकर कॉलनीत त्यांचा बंगला. ते मला थेट मागच्या खोलीत घेऊन गेले. दार उघडलं आणि पंख्यांचा असा आवाज अंगावर आला की पिठाच्या गिरणीत शिरल्यासारखं वाटलं. टेबलावर मशीन, दोन बाजूंना माझीच दोन खोकी, कोपऱ्यात दुकानाला पुरेल एवढा इन्व्हर्टर. आणि मशीनच्या वर भिंतीवर एका तरुण मुलाचा फोटो, चंदनाचा हार घातलेला.

"इंद्रजित," निगडे म्हणाले. "आमचा थोरला. भाद्रपदात गेला. ताप डोक्यात गेला म्हणाले डॉक्टर. चार दिवसांत आटपलं."

मी पडद्याकडे बघितलं.

काळा कडा, खाली धुकं. वर एका कपारीत हिरव्या टोपीचा गडी बसलेला, हातात दोरी. खाली लाल टोपीची मुलगी चढत होती. पण कशी, तर फोटोंचा अल्बम कुणी सावकाश उलटावा तशी. पडद्यावरचं चित्र सेकंदाला निदान साठ वेळा बदललं तर डोळ्याला ते हलतं वाटतं. इथं जेमतेम दोनतीनदा बदलत होतं. तिचा हात एका खाचेत दिसायचा, मग चित्र गोठायचं, आणि हात एकदम वरच्या खाचेत. मधला हात कुणी बघितलाच नाही.

"लाल टोपी कोण?" मी विचारलं.

"आमची केतकी. इंद्रजितच्या पाठची." त्यांचा चेहरा उजळला. "दोघंच खेळायची रोज. लई चपळ हाय पोरगी. बघा, आता डावा पाय टाकंल."

तिनं डावा पाय टाकला.

"पडत न्हाई ती कधी."

मुलगी दुसऱ्या खोलीत बसून खेळत असणार, असं मला वाटलं. भाऊ गेल्यावरही बहिणीनं खेळ चालू ठेवलाय, बापाचं मन रमावं म्हणून. मला त्या न बघितलेल्या पोरीचं कौतुकच वाटलं.

मागे दार वाजलं. वाळलेली, बावीस-तेवीस वर्षांची एक मुलगी ट्रे घेऊन आत आली. "पप्पा, चहा."

"ठेव तिथं," निगडे पडद्यावरची नजर न काढता म्हणाले.

तिनं मला कप दिला. मी विचारलं, "घरात अजून कोण कोण असतं?"

"कोण न्हाई," निगडेच बोलले. "पोरांची आई लहानपणीच गेली. आता मी आणि ही केतकी."

केतकी माझ्यासमोर रिकामा ट्रे घेऊन उभी होती. पडद्यावर केतकी चढत होती.

मी कप ठेवून मशीनशी बसले. दुसऱ्या खेळाडूची जागा तपासली. ती रिकामी होती. कुणीही जोडलेलं नव्हतं, गेल्या भाद्रपदापासून एकदाही नाही. मला भीती वाटली, हे सरळ सांगते. भर दुपार, बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं, तरी वाटली. मशीननं काय काय काम केलं त्याच्या नोंदी मी माझ्या पेनड्राइव्हवर घेतल्या आणि "उद्या सांगते" म्हणून उठले.

केतकी फाटकापर्यंत आली.

"दुरुस्त करणार तुम्ही?"

"आधी कळू दे तर. मला सांग, मशीन बंद का करत नाहीत ते?"

ती हसली. त्या हसण्यात हसू नव्हतं. "दहाव्याला घाटावर कावळाच शिवंना. आता गावात कावळे राहिलेत कुठं! ऊन डोक्यावर आलं. मग सगळ्यांनी हात जोडून दादाला शब्द द्यायला सुरुवात केली. काका म्हणाले, केतकीकडं बघू आम्ही. आत्या म्हणाली, तिचं लग्न करून देऊ. पप्पा म्हणाले, तिला काही कमी पडू देणार नाही. एक कावळा आलता लांब भिंतीवर, पण बसून राहिला. मग पप्पांना आठवलं. हॉस्पिटलात नेताना दादा तापात बडबडत होता, मशीन बंद करू नका, मी आलोच म्हणून. पप्पा ओरडले, बाळा, मशीन बंद करणार न्हाई. आणि कावळा खाली आला."

"योगायोग असतो गं तो. त्याला भूक लागली असणार."

"मलाही माहितीय, ताई. पण माझ्या नावानं आला नाही, मशीनच्या नावानं आला. त्या दिवसापासून पप्पा त्या खोलीत आहेत. आधी दादाला बघत बसायचे. मग कधीतरी त्यात मीही उगवले. आता ते माझ्याशीच बोलत असतात, पण तिथं." तिनं घराकडे मान वळवली. "सोमवारी मी हैदराबादला निघाले. नोकरी लागलीय. सांगितलं त्यांना. हं म्हणाले."

"मग तयारी झाली?"

"काय तयारी. एक छोटी बॅग आहे. काय लागतंय मला." ती फाटकाची कडी लावत म्हणाली, "जायच्या आधी तेवढं त्यातनं मला काढा."

दुकानात येऊन मी नोंदी उघडल्या आणि कोडं उलगडत गेलं.

सुळका निघाली तेव्हा एक मोठी पंचाईत होती. नेट गेलं की दोरीवरचा एक जण जागच्या जागी गोठायचा आणि त्याच्यापायी दुसरा दरीत जायचा. लोक शिव्या घालू लागले, तेव्हा गेमवाल्यांनी 'सावली' आणली. तुम्ही खेळत असता तेव्हा सावली तुमच्याकडून शिकत असते. तुम्ही कुठं घाबरता, कुठं घाई करता, जोडीदार घसरला तर आधी दोरी धरता की आधी ओरडता. तुम्ही खेळ न संपवता मधेच उठलात की ती तुमच्या जागी खेळते, परत आलात की बाजूला होते.

हे ती अंदाज बांधून करते. हा माणूस पुढच्या क्षणी काय काय करील त्याच्या शक्यता मांडते, एकेक शक्यता थोडी पुढं चालवून बघते आणि त्याला सगळ्यात शोभेल ती निवडते. माणूस परतला की खऱ्याशी ताडून चुकीच्या फांद्या छाटल्या जातात. मेंदीचं कुंपण माळी छाटत राहतो म्हणून कुंपण राहतं, तसं. हा सगळा खटाटोप दहा-वीस सेकंदांसाठी होता. फार तर कुणी जेवून येईपर्यंत.

इंद्रजितला हॉस्पिटलात नेलं तेव्हा खेळ चालू होता. सावली त्याच्या जागी उभी राहिली आणि छाटणारा परत आलाच नाही.

त्यात आणखी एक गोष्ट झाली. दोरीवरचा माणूस एकटा नसतो. इंद्रजितची प्रत्येक हालचाल खाली केतकी काय करतेय यावर ठरायची. केतकी तर त्या संध्याकाळी आपला खेळ नीट संपवून उठली होती, त्यामुळे तिची सावली जागी झालीच नव्हती. मग इंद्रजितसारखं वागायचं कसं? त्याच्या सावलीनं केतकीचाच अंदाज बांधायला घेतला, इंद्रजितला ती जशी ठाऊक होती तशी. त्या केतकीनं काय करावं हे ठरवायला पुन्हा इंद्रजित हवा, त्या इंद्रजितला पुन्हा केतकी. न्हाव्याच्या दुकानात समोरासमोर आरसे असतात, त्यात आपलं डोकं जसं पार आतपर्यंत दिसत जातं, तसं ते बहीण-भाऊ एकमेकांत आत आत चालले होते.

चित्र रंगवायला मशीनची चिमूटभर ताकद लागत होती. बाकीची सगळी त्या दोघांना जगवण्यात जात होती. निगड्यांनी दुसरं खोकं लावलं तशी सावली आणखी खोल बघू लागली. तिसरं लावलं असतं तर तेही पोटात गेलं असतं आणि गेम तशीच रखडली असती. भूत वगैरे काही नव्हतं. पण हे सगळं कळल्यावर माझी भीती कमी व्हायला हवी होती, ती झाली नाही.

रविवारी सकाळी मी निगड्यांना हे समजावलं. केतकी दारात उभी राहून ऐकत होती. निगडे हुशार माणूस, त्यांच्या भाषेत त्यांनी बरोबर पकडलं.

"म्हणजे ताकद कमी न्हाई. लोडच चुकीचा बसलाय."

"हो. तुमची केतकी स्वतः खेळायला बसली तर तिचा अंदाज बांधायची गरज संपेल. अर्धं ओझं त्या क्षणी उतरेल."

निगडे खुर्चीतून वळले आणि मुलीकडे बघितलं. किती दिवसांनी, ते त्या दोघांनाच माहीत. "बस की गं जरा," ते म्हणाले.

केतकी आली. भावाच्या खुर्चीशेजारी तिची ठरलेली खुर्ची होती, तीवर बसली आणि कंट्रोलर हातात घेतला.

पंख्यांचा आवाज एकदम खाली बसला. पडद्यावर धुकं हललं, सलग, अख्खं. दोरी वाऱ्यानं झुलली. वरच्या हिरव्या टोपीनं खाली वाकून बघितलं आणि दोरीला दोन छोटे हिसके दिले.

"दादा असंच करायचा," केतकी म्हणाली. "ये म्हणून."

निगडे उभे राहिले होते. मुलगा गेल्यापासून त्यांना त्याचा हात तुटक तुटक दिसत होता, आता तो हात माणसाच्या हातासारखा हलत होता. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. "चालली. गेम चालली, ताई. बघा कसा मोकळा झाला हात त्याचा!"

केतकी चढू लागली, आणि मी बघितलं की ती चपळ बिपळ काही नव्हती. भित्री होती. प्रत्येक खाच तीनतीनदा चाचपायची, पाय टाकायच्या आधी थांबायची, कितीदा तरी मागे यायची. बापानं पडद्यावर कौतुक केलेली केतकी ही भावाच्या नजरेतली होती. ही खरी.

"थांबू नको," निगडे म्हणाले.

ती चढत राहिली. एकदा तिनं बोटं मोकळी करायला कंट्रोलर मांडीवर टेकवला, तर चित्र लगेच अडखळलं आणि पंखे गुरगुरले.

"थांबू नको म्हणतो न्हवं! धर, धर ते."

ती पुन्हा चढू लागली. तिचा चहा गार झाला. नाश्त्याची वेळ टळून गेली. मला आता शरम वाटायला लागली. मी काय दुरुस्त केलं होतं? जिवंत पोरगी मशीनला जुंपली होती, आणि गेम छान चालत होती.

"काका, तिला उठू द्या," मी म्हणाले.

"जरा वेळ. एवढा टप्पा होऊ दे."

केतकी एका रुंद कपारीवर पोचली. तिथं दोन माणसं आरामात बसतील एवढी जागा होती. तिनं खाली बघितलं, वर बघितलं. मग कंट्रोलरवरचं एक बटण दाबून धरलं. पडद्यावर लाल टोपीच्या मुलीनं कमरेची गाठ सोडली.

"काय केलंस?" निगडे ओरडले.

"सोडली दोरी." ती पडद्याकडेच बघत होती. "मी उद्या निघाले, पप्पा. किती दिवस अडकवून ठेवायचं त्याला माझ्यासाठी?"

वर हिरव्या टोपीनं दोन हिसके दिले. दोरीचं रिकामं टोक उडालं. त्यानं वाकून बघितलं, बराच वेळ. सुळक्याचा नियम असा की खालच्यानं सुरक्षित जागी येऊन गाठ सोडली, तर वरच्याचा खेळ संपतो, तो मोकळा. त्यानं दोरी सावकाश वर ओढून घेतली, गुंडाळून खांद्यावर टाकली आणि पाठ फिरवून चढू लागला. थोड्या वेळानं धुक्यात हिरवा ठिपका राहिला, मग तोही नाही.

आता मशीनला कुणाचाच अंदाज बांधायचा नव्हता. पंखे इतके शांत झाले की रस्त्यावरच्या भाजीवाल्याची हाक ऐकू आली.

"गेला," निगडे म्हणाले आणि खाली बसले.

केतकीनं कंट्रोलर टेबलावर ठेवला. रडली नाही, काही नाही. शहाण्या मुलीसारखी कप गोळा करत म्हणाली, "दुसरा चहा टाकते. वृंदाताई, तुम्ही घेणार ना?" आणि स्वयंपाकघरात गेली. मला वाटलं, सुटली बिचारी. कामही झालं, शब्दही मोडला नाही. मी वायरी गुंडाळायला घेतल्या.

"ताई," निगड्यांनी हाक मारली.

पडद्यावर लाल टोपीची मुलगी कपारीवर उठून उभी राहिली होती.

"केतकी उठून गेली न्हवं?"

"गेली."

"मग ही कोण? ती आधीचीच?"

मी मशीनवर बघितलं. "नाही. ती इंद्रजितच्या सावलीनं बनवलेली होती, ती त्याच्याबरोबर गेली. केतकी आता खेळ न संपवता उठली ना, म्हणून ही तिची स्वतःची सावली जागी झालीय. तिच्याकडूनच शिकलेली. आधीची कित्येक वर्षं आणि आजची सकाळ."

मुलीनं वर धुक्यात बघितलं. मग कड्याला हात घातला आणि चढू लागली.

"दोरी कुठाय तिची?" निगड्यांनी विचारलं.

दोरी नव्हती. दोरी तर भाऊ घेऊन गेला होता. सुळक्यात दोरीशिवाय कुणी चढत नाही, कारण पडलं की संपलं. आणि ही मुलगी, जिची खरी मालकीण प्रत्येक खाच तीनतीनदा चाचपते, ती आता काहीच चाचपत नव्हती. हात लागेल तिथं लावत होती, पाय पडेल तिथं टाकत होती. एकदा खडक निसटला आणि ती एका हातावर लोंबकळली. थांबली नाही. घाबरलीही नाही. चित्र काचेसारखं स्वच्छ होतं, एकेक बोट दिसत होतं.

"असं का करायलीय ती?"

"काका, गेमवरून खऱ्या माणसाचं काही धरू नये," मी म्हणाले. हे मी गिऱ्हाइकांना नेहमी सांगते. "सावलीला वाटतं की हे माणूस आता असं करील, म्हणून ती करते. चुकतेसुद्धा."

"इंद्रजितची चुकली का कधी?"

मी हातातली वायर खाली ठेवली.

"माझी पोरगी भित्री हाय, ताई. लहानपणापास्नं. जिना उतरताना पण माझं बोट धरायची." ते पडद्याच्या अगदी जवळ गेले. "हिला पडायची भीतीच ऱ्हायली न्हाई."

लाल टोपीनं आणखी एक निसटता दगड धरला. निगडे कोपऱ्यात गेले, इन्व्हर्टरमागं हात घातला आणि भिंतीतली जाड पिन उपटून काढली. मग मशीनची वायरही ओढली. पडदा काळा झाला. सगळे पंखे थांबले. ज्या माणसानं घाटावर सगळ्या भावकीसमोर शब्द दिला होता, त्यानं तो मोडताना मागं वळून फोटोकडं बघितलंसुद्धा नाही.

ते स्वयंपाकघरात गेले. मी दारापर्यंत गेले आणि तिथंच थांबले.

केतकी गॅसपाशी पाठमोरी उभी होती. भांड्यात चहा उकळत होता. "एकदम गप्प झालं सगळं. लाइट गेली काय?" तिनं विचारलं.

"न्हाई. मी बंद केलं."

ती वळली. "शब्द दिलता तुम्ही दादाला."

"दिलता." निगड्यांनी गॅस बंद केला. "हैदराबादला राहणार कुठं तू?"

"बघू."

"बघू म्हंजे? खोली, होस्टेल, काय तर ठरवलं असशील."

"गेल्यावर बघणार."

"नोकरी कुठं हाय? कुठल्या कंपनीत?"

केतकी ओट्यावरचं फडकं उचलून घड्या घालत राहिली.

"केतू, माझ्याकडं बघ. नोकरी हाय न्हवं?"

तिनं फडक्याची अजून एक घडी घातली. मग मान हलवली. नाही.

"मग उद्या कुठं निघालीवतीस?"

तिला मघापासून न आलेलं रडू आता आवाज न करता येऊ लागलं. निगडे पुढं झाले. लेथवर जाड झालेल्या त्या बोटांनी त्यांनी तिचं मनगट धरलं, घट्ट, आणि तिच्यावरची नजर न काढता मला म्हणाले, "ताई, तुम्ही जावा आता. मी हाय हितं."